पदवीपर्यंतची सोबत

न्यूयॉर्क शहरातील कम्युनिटी कॉलेजांत असोसिएट पदवी दोन वर्षांची असते. ६० क्रेडिट पुरे केले की ती हाती पडते. पण ठरल्या मुदतीत ती मिळवणारे विद्यार्थी फार थोडे. तीन वर्षे धरली तरी बहुतेकांची पदवी अपुरीच राहत असे आणि अपुऱ्या पदवीला नोकरी देणारे फारसे मोल देत नाहीत. फीचे पैसे गेलेले, ऐन उमेदीतला वेळ गेलेला, काहींच्या डोक्यावर कर्जही. २००७ साली सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क, म्हणजे ‘क्यूनी’, हिने आपल्या सहा कम्युनिटी कॉलेजांत यावर एक कार्यक्रम सुरू केला. ‘ॲक्सिलरेटेड स्टडी इन असोसिएट प्रोग्रॅम्स’ हे त्याचे पूर्ण नाव. सगळे त्याला ‘एसॅप’ म्हणतात. तत्कालीन महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी शहरातील गरिबी हटवण्यासाठी स्थापन केलेल्या केंद्राने त्याला पैसा पुरवला. उद्दिष्ट सुरुवातीलाच आकड्यात बांधले होते: निवडलेल्यांपैकी निदान निम्म्या विद्यार्थ्यांनी तीन वर्षांत पदवी घेतली पाहिजे.

या उद्दिष्टाची झेप कळण्यासाठी ही कॉलेजे कोणासाठी उभी राहिली ते पाहावे लागते. अमेरिकेतील सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांची परंपरा इलिनॉय राज्यातील जॉलिएट येथे १९०१ मध्ये सुरू झाली असे मानतात. आज देशभर अशी सुमारे एक हजार कॉलेजे आहेत. गुणांची चुरस नाही, शालेय शिक्षण पुरे केलेल्या जवळपास कोणालाही प्रवेश, आणि फी चार वर्षांच्या विद्यापीठांच्या मानाने कमी. क्यूनीने १९७० मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले आणि शहरातील शाळांतून उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला जागेची हमी दिली. त्या वेळी शिक्षण मोफत होते. १९७६ च्या आर्थिक संकटात शहराची तिजोरी रिकामी झाली आणि फी सुरू झाली. दक्षिण ब्राँक्समधील हॉस्टोस कॉलेज १९६८ मध्ये मुख्यतः प्वेर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांच्या मागणीतून स्थापन झाले. १९७१ मध्ये क्वीन्सच्या लाँग आयलंड सिटीत, एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत लाग्वार्डिया कॉलेजचे वर्ग भरू लागले. घरातून कॉलेजात जाणारी पहिलीच पिढी, नुकतीच स्थलांतरित झालेली कुटुंबे, दिवसा काम करून संध्याकाळी शिकणारे तरुण, लहान मुलांच्या आया, असा हा विद्यार्थिवर्ग.

दार असे सताड उघडले गेले, पण आत आलेल्याला शेवटपर्यंत सांभाळण्याची व्यवस्था तोकडीच राहिली. एकेका सल्लागाराकडे ६०० ते १,५०० विद्यार्थी असत. कोणता विषय घ्यावा, आर्थिक मदतीचा अर्ज का अडकला, एका विषयात नापास झाल्यावर पुढे काय, हे विचारायला विद्यार्थी गेला तर दर वेळी नवा चेहरा आणि काही मिनिटांचा वेळ. त्यात प्रवेशानंतर गणित, वाचन आणि लेखनाच्या चाचण्या होत. त्यांत कमी पडणाऱ्यांना आधी पायाभूत वर्ग करावे लागत, ज्यांचे क्रेडिट पदवीत धरले जात नसे. फी भरायची, सत्र घालवायचे आणि पदवीच्या दिशेने एक पाऊलही पुढे सरकायचे नाही. कितीतरी विद्यार्थी याच टप्प्यावर गळत.

उपाय शोधण्याचे प्रयत्न एसॅपच्या आधीपासून चालू होते. न्यूयॉर्कमधीलच ‘एमडीआरसी’ या संशोधन संस्थेने २००३ पासून ‘ओपनिंग डोअर्स’ या नावाखाली काही प्रयोग तपासले. ब्रुकलिनच्या किंग्सबरो कॉलेजात नव्या विद्यार्थ्यांचे लहान गट करून पहिल्या सत्रात त्यांना तीन विषय एकत्र शिकवले गेले. ओहायोतील दोन कॉलेजांत सल्लागारांकडचे विद्यार्थी कमी करून दोन सत्रे जास्त लक्ष देण्यात आले आणि सोबत थोडा भत्ताही दिला गेला. लुइझियानात न्यू ऑर्लिन्स परिसरातील दोन कॉलेजांत, किमान ‘सी’ सरासरी राखणाऱ्या गरीब पालक-विद्यार्थ्यांना सत्राला १,००० डॉलर अशी दोन सत्रांची शिष्यवृत्ती मिळाली. २००५ च्या कॅटरिना वादळाने तो प्रयोग मध्येच मोडला. या प्रयोगांतून हाती लागलेली गोष्ट मोलाची होती. मदत चालू असेपर्यंत विद्यार्थी टिकत, चांगले शिकत. ओहायोत मदत थांबल्यावर परिणामही विरत गेला. एका अडचणीवर एक उपाय, तोही वर्षभरापुरता, पदवीपर्यंत पुरत नव्हता.

एसॅपच्या आखणीत या अनुभवाचे उत्तर दिसते. त्यातील एकही सेवा नवी नाही. सल्लागार, शिकवणी, फी-माफी, पाठ्यपुस्तके, प्रवासाचा पास हे सगळे कुठे ना कुठे आधीही दिले जात होते. नवे ते एवढेच की हे सगळे एकाच विद्यार्थ्याला, एकाच वेळी आणि सलग तीन वर्षे मिळाले. शिक्षणातील नवोपक्रम म्हटला की नवे उपकरण किंवा नवी संगणक-प्रणाली डोळ्यांपुढे येते. इथला नवोपक्रम मांडणीत होता.

त्या मांडणीचा कणा म्हणजे सल्लागार. सुरुवातीच्या काळात एका सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी दिले जात आणि विद्यार्थ्याला शक्यतो तोच सल्लागार कायम राही. भेट ऐच्छिक नव्हती. ठरलेल्या अंतराने ती घ्यावीच लागे. त्यामुळे संकट कोसळण्याची वाट न पाहता बोलणे होई: गणिताची परीक्षा कशी गेली, कामाच्या पाळ्या बदलल्या का, पुढच्या सत्रात कोणते विषय घ्यायचे. शिकवणीच्या वर्गांना आणि नोकरीविषयक मार्गदर्शनालाही असेच बंधन होते. विद्यार्थ्याने पूर्णवेळ प्रवेश घ्यावा ही अट होती, आणि पायाभूत वर्ग पुढे न ढकलता लगेच संपवण्याचा आग्रह. हिवाळी व उन्हाळी सत्रांतही विषय घेऊन क्रेडिट वाढवावेत, असे सुचवले जाई.

पैशाची मदत तीन वाटांनी येई. सरकारी अनुदाने मिळूनही फीत जी तूट उरेल ती कार्यक्रम भरून काढी. पुस्तके मोफत मिळत. आणि दर महिन्याला शहराच्या भुयारी रेल्वे व बसचा अमर्याद प्रवासाचा पास, म्हणजे मेट्रोकार्ड, मिळे. यांतली फी-माफी प्रत्यक्षात थोड्यांनाच लागली, कारण अत्यंत गरीब विद्यार्थ्यांची फी केंद्र सरकारच्या पेल अनुदानातून आणि राज्याच्या मदतीतून बहुतेक भागत होती. मेट्रोकार्डाची गोष्ट वेगळी. २०११ मध्ये महिन्याच्या पासाची किंमत १०४ डॉलर होती. तुटपुंज्या कमाईत दर महिन्याला एवढी रक्कम बाजूला काढणे सोपे नव्हते, आणि वर्ग बुडण्याचे कारण कित्येकदा इतके साधे असते. शिवाय हे कार्ड सल्लागाराच्या भेटी आणि शिकवणी यांतील सहभागाशी जोडलेले होते. मदत आणि शिस्त यांची ही सांगड कार्यक्रमातील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट मानावी लागेल: पास हवा म्हणून विद्यार्थी येई, आणि आला की बोलणे होई.

पहिल्या तुकडीत १,१३२ विद्यार्थी होते. त्यांपैकी ५५ टक्के तीन वर्षांत पदवीधर झाले. तशाच पार्श्वभूमीच्या इतर विद्यार्थ्यांत हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होते. पण ही तुकडी मुख्यतः पायाभूत वर्गांची गरज नसलेल्यांची होती, आणि तुलनेचा गटही नंतर जुळवलेला. मुळात जिद्दी असणारेच अशा कार्यक्रमात येतात, ही शंका रास्त होती. म्हणून पुढे कार्यक्रम पायाभूत वर्ग लागणाऱ्यांसाठी खुला झाला तेव्हा एमडीआरसीने कडक कसोटी लावली. बरो ऑफ मॅनहॅटन, किंग्सबरो आणि लाग्वार्डिया या तीन कॉलेजांतील कमी उत्पन्नाचे, एक-दोन पायाभूत वर्ग बाकी असलेले ८९६ विद्यार्थी निवडले आणि सोडत काढून त्यांचे दोन गट केले. ४५१ जणांना एसॅप मिळाले, ४४५ जणांना कॉलेजच्या नेहमीच्या सेवा. सोडतीमुळे जिद्द, घरची स्थिती, आधीचे गुण या बाबतींत दोन्ही गट सारखे राहिले. नंतर दिसणारा फरक कार्यक्रमाचाच म्हणता आला.

तीन वर्षांनी नेहमीच्या गटातील सुमारे २२ टक्क्यांनी पदवी घेतली होती. एसॅपच्या गटातील ४० टक्क्यांनी. २०१५ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. जवळपास दुप्पट प्रमाण, तेही पायाभूत वर्गांतून वर येणाऱ्या विद्यार्थ्यांत! सोडतीने केलेल्या तपासणीत उच्च शिक्षणातील बहुतेक उपायांचे परिणाम किरकोळ निघतात. त्या क्षेत्रात हा निकाल असाधारण होता. सहा वर्षांनी पुन्हा मोजले तेव्हा प्रमाण ५१ आणि ४१ टक्के भरले. अंतर कमी झाले होते, कारण नेहमीच्या गटातील काहीजण उशिरा का होईना पदवीपर्यंत पोहोचले. पण दहा टक्क्यांची आघाडी टिकून होती. एसॅपने कितीतरी विद्यार्थ्यांना लवकर पदवी मिळवून दिली, आणि ज्यांना ती एरवी कधीच मिळाली नसती अशांनाही मिळवून दिली.

एवढ्या सेवा स्वस्तात मिळत नाहीत. या तपासणीत तीन वर्षांत प्रत्येक एसॅप विद्यार्थ्यामागे १६,२८४ डॉलर जास्त लागले, नेहमीच्या खर्चापेक्षा साठ टक्क्यांहून अधिक. मात्र खर्चाला विद्यार्थिसंख्येऐवजी पदव्यांच्या संख्येने भागले, तर चित्र उलटते: एका पदवीमागचा खर्च एसॅपमध्ये सुमारे ११ टक्क्यांनी कमी पडला. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील अर्थतज्ज्ञ हेन्री लेव्हिन आणि एमा गार्सिया यांनी २०१२ मध्ये पहिल्या तुकडीचा हिशेब केला, तेव्हाही निष्कर्ष याच दिशेचा निघाला होता. अर्थसंकल्प मांडणाऱ्यांना मात्र दर विद्यार्थ्यामागचा खर्च आधी दिसतो आणि पदव्या काही वर्षांनी. अशा कार्यक्रमांची खरी अडचण इथे आहे.

न्यूयॉर्कने तो खर्च उचलायचे ठरवले. महापौर बिल डी ब्लासियो यांच्या काळात विद्यार्थिसंख्या २५,००० पर्यंत नेण्याचे ठरले आणि २०१८-१९ पर्यंत ती तेथे पोहोचली. विस्तारात एका सल्लागाराकडचे विद्यार्थी दीडशेच्या घरात गेले. मदतीची जास्त गरज असणाऱ्यांना जास्त भेटी आणि इतरांना कमी, अशी विभागणी करून हा भार पेलला गेला. २०१५ मध्ये क्यूनीच्या जॉन जे कॉलेजात याच नमुन्यावर चार वर्षांच्या पदवीसाठीही कार्यक्रम सुरू झाला.

एसॅप कार्यक्रम न्यूयॉर्कबाहेर चालेल का, याची परीक्षा ओहायोत झाली. सिनसिनाटी स्टेट, कायाहोगा आणि लोरेन काउंटी या कम्युनिटी कॉलेजांनी क्यूनीच्या माणसांकडून प्रशिक्षण घेऊन तो उभारला.  तिथे बहुतेक विद्यार्थी मोटारीने येतात. म्हणून मेट्रोकार्डाच्या जागी महिन्याला ५० डॉलरचे पेट्रोल किंवा किराणा घेण्याचे कार्ड आले, पण सल्लागाराच्या भेटीची अट तशीच राहिली. १,५०१ विद्यार्थ्यांच्या सोडतीत तीन वर्षांनी पदवीचे प्रमाण १९ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर गेले. सहाव्या वर्षापर्यंत कार्यक्रमातील विद्यार्थ्यांची वार्षिक कमाईही दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी जास्त भरली. पदव्यांच्या वाढीचा असर कमाईवर उतरल्याचा हा पुरावा फार महत्त्वाचा आहे.

या नमुन्याच्या मर्यादाही आकड्यांइतक्याच स्पष्ट आहेत. पूर्णवेळ प्रवेशाची अट हा कार्यक्रमाच्या यशाचा एक आधार आहे, आणि त्याच अटीमुळे अमेरिकेतील निम्म्याहून अधिक कम्युनिटी कॉलेज विद्यार्थी त्याच्या कक्षेबाहेर राहतात. सत्राला एक-दोन विषय घेणारे, पूर्णवेळ नोकरी करणारे, घरी म्हातारी माणसे किंवा तान्ही मुले सांभाळणारे असे हे विद्यार्थी आहेत. शिवाय सगळ्या सेवा एकत्र दिल्यामुळे त्यांतल्या नेमक्या कोणत्या सेवेने किती काम केले, हे या तपासणीतून वेगळे काढता येत नाही. एखादे कॉलेज पैसे वाचवण्यासाठी त्यातले दोन घटक घेऊन तिसरा वगळू लागले, तर २००३ पासूनच्या त्या तुटक उपायांकडेच ते परत जाण्याचा धोका राहतो.