नावात लाकूड नसलेला सुतार

कारागिरांची नावं : भाग ५

कुंभार, सोनार, लोहार ही मंडळी गेल्या आठवड्यात एका दमात आटोपली, कारण त्यांच्या नावांत फारसं गूढ नाही. कुंभकार, सुवर्णकार, लोहकार. ‘कार’मधला क झिजला आणि ‘आर’ उरला. सुतार त्यांच्याच पंगतीतला वाटतो. पण त्याच्या नावात ना लाकूड, ना ‘कार’. संस्कृतात सूत्रधार, प्राकृतात सुत्तहार, मराठीत सुतार. म्हणजे सूत धरणारा.

हे सूत कसलं, ते जुन्या पद्धतीने ओंडका चिरताना दिसतं. कावेत बुडवलेला दोरा ओंडक्याच्या दोन्ही टोकांना ताणून धरायचा, मध्ये चिमटीत उचलायचा आणि सोडून द्यायचा. फट्‌ आवाज होतो, लाकडावर तांबडी रेघ उमटते आणि करवत तिच्यावरून चालते. रेघच तिरकी पडली तर पुढे रंधा मारून किती सावरणार? ‘सुतासारखा सरळ’ हे मला तरी याच ताणलेल्या दोऱ्यावरून आलेलं वाटतं. चातीवरचं सूत कुठे सरळ असतं!

‘मयमत’ या वास्तुग्रंथात बांधकामावरचे चौघे सांगितले आहेत: स्थपती, सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकी. तासणारा तो तक्षक. वर्धकी जोडकामाचा, हिंदीतला बढई त्याचाच वंशज. सूत्रग्राही मात्र स्थपतीचा मुलगा किंवा शिष्य, मापाच्या दोरीत तरबेज. ही दोरी दगडावरही चालायची. पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरावरच्या आठव्या शतकातल्या लेखात मंदिर उभारणाऱ्याला ‘सूत्रधारी’ म्हटलं आहे, आणि पंधराव्या शतकात मेवाडच्या राणा कुंभाच्या पदरी असलेला वास्तुकार मंडन ‘सूत्रधार मंडन’ म्हणूनच ओळखला जातो. एवढ्या मानाचं नाव मराठीने वाकस-पटाशीवाल्याला दिलं, हे मला फार आवडतं.

मग नाटकातला सूत्रधार? तो कळसूत्री बाहुल्यांच्या दोऱ्या धरणाऱ्यावरून आला, असं काही अभ्यासक मानतात. पण नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नाट्यगृहाच्या आखणीचा आहे. पुष्य नक्षत्रावर पांढरी दोरी पसरायची, आणि ती तुटणार नाही अशीच निवडायची. मध्यावर तुटली तर यजमानाचा मृत्यू, चौथ्या हिश्श्यावर तुटली तर नाट्याचार्याचा! इतकी धास्ती वाचल्यावर माझं मत बाहुल्यांपेक्षा आखणीच्या दोरीलाच.

ती दोरी आज मापात शिल्लक आहे. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. सुतार अजूनही ‘दोन सूत कमी कर’ म्हणतो, आणि लोखंडाच्या दुकानात सळई तीन सुताची, चार सुताची मागतात.

पुढच्या आठवड्यात मिस्त्री. हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला. मूळ ‘मेस्त्र’, म्हणजे उस्ताद.