ट्रॅप नेमबाजीसाठी पहिली बंदूक



२०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या राधानगरी भागातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी रायफल नेमबाजीत ब्राँझपदक मिळविले. तेव्हापासून प्लॉट पाहणीला गेलो की उसाबरोबर बंदुकीचीही चौकशी होते. परवा एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारले, "सायेब, नात ट्रॅप शिकायला निघालीया. डुकरांसाठी ठेवल्याली आमची एकनळी तिला चालंल न्हवं?"

मी सरळ नाही म्हटले. एक तर पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक त्याच कामासाठी असते. दुसरे, हा खेळच वेगळा. नेमबाजासमोर १५ मीटरवरच्या खंदकातून ११० मिलिमीटर व्यासाची तबकडी उडते. ती डावीकडे जाईल की उजवीकडे, आधी कळत नाही. अशा २५ तबकड्यांची एक फेरी. प्राथमिक फेऱ्यांत एका तबकडीवर दोन बार टाकता येतात, म्हणून दुनळी हवी. तीही एकीवर एक नळ्या असलेली, १२ बोअरची.

नळी साधारण ३० इंची आणि वजन साडेतीन किलोच्या आसपास असावे. नवशिक्याला वाटते, हलकी बंदूक बरी. अहो, हातात हलकी ती खांद्याला जड! धक्का जास्त बसतो. डिप्लोमाला असताना मित्राच्या मामांसमोर त्यांची हलकी एकनळी मी चालवून पाहिली होती. दस्ता मला लांब पडत होता, गाल नीट टेकत नव्हता. पाच बारांत खांदा काळानिळा झाला. सहाव्या बाराला चाप ओढण्याआधीच माझे डोळे मिटले! ही खोड एकदा लागली की लवकर सुटत नाही. पोरीला ती लागू नये, एवढीच माझी तळमळ.

म्हणून किमतीआधी माप बघा. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, सुरक्षित दिशेला तोंड धरून, डोळे मिटून ती खांद्याला लावावी. डोळे उघडल्यावर नजर नळीच्या पट्टीवरून सरळ गेली पाहिजे. मान वाकडी करावी लागली तर दस्ता आपल्या मापाचा नाही. काडतूस २४ ग्रॅम छऱ्यांचे पुरे. स्पर्धेतही तेवढेच चालते.

आणि खरेदीची घाई नको. परवान्याला वयाची २१ वर्षे पूर्ण लागतात. तोवर रेंजवर प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली तिथल्याच दोन-तीन बंदुका चालवून बघाव्यात. बार टाकायचा नसेल तेव्हा दुनळी मधून मोडून उघडीच ठेवायची, हा पहिला धडा. म्हणजे ती रिकामी आहे हे सगळ्यांना दिसते.

सगळे ऐकून आबा म्हणाले, "म्हंजी रान बघून बेणं निवडायचं, तसंच की!" एकनळी त्यांनी परत कपाटात ठेवली. पुढच्या आठवड्यात नातीला घेऊन रेंजवर जाणार आहेत.