आघाडीवर एकटा
रचनांचा खेळ : लेखांक ६

मागच्या लेखात बचावफळी आणि मधली फळी यांच्यातलं अंतर पाहिलं. या वेळी त्या दोन्हींच्या पुढे एकट्याने उभ्या असलेल्या खेळाडूकडे वळू. ४-५-१ रचनेत चौघे मागे, पाच जण मध्ये आणि पुढे एकच स्ट्रायकर. असा संघ जिंकला की श्रेय बचावाला मिळतं आणि हरला की ‘स्ट्रायकरने गोल किती केले?’ असं विचारलं जातं. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. या रचनेतल्या स्ट्रायकरचं पहिलं काम आपल्या संघाला उसंत मिळवून देण्याचं असतं.

उदाहरण म्हणून पोर्तुगालमधली २००४ची युरो स्पर्धा घेऊ. ग्रीस त्याआधी १९८०च्या युरोत आणि १९९४च्या विश्वचषकात खेळला होता, पण एकही सामना जिंकला नव्हता. जर्मन प्रशिक्षक ओट्टो रेहागेल यांनी त्याच देशाला विजेतेपद मिळवून दिलं. अंतिम सामन्यातल्या गोलमुळे अँजेलोस करिस्तेआसचं नाव सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पण तो बराचसा उजव्या बगलेवरून खेळत असे. बहुतेक सामन्यांत मधोमध, प्रतिस्पर्ध्यांच्या दोन सेंटर बॅकमध्ये, झिसिस व्रिझास असायचा.

त्याचं काम समजून घ्यायचं तर चेंडू ग्रीसच्या पेनल्टी क्षेत्राजवळ आहे असं समजा. दहा जण मागे आलेले. बचावपटू चेंडू हिसकावून लांब मारतो. पुढे एकच माणूस, तोही गोलकडे पाठ करून उभा. अंगाला भिडलेल्या बचावपटूला पाठीवर थोपवून त्याला चेंडू छातीवर किंवा पायात घ्यायचा असतो आणि मधल्या फळीतले सहकारी तीस-चाळीस मीटर धावत येईपर्यंत जपायचा असतो. तेवढा वेळ मिळाला नाही, तर थ्रो-इन किंवा फ्री किक मिळवली तरी चालते. चेंडू हातचा गेला, की तो लगेच पुन्हा आपल्याच गोलसमोर येतो आणि दमलेल्या बचावफळीला श्वास घ्यायलाही सवड राहत नाही. एकट्या स्ट्रायकरची रचना मोडते ती बहुतेकदा इथे.

चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असतानाही त्याला डोकं वापरावं लागतं. दोन्ही सेंटर बॅकच्या मागे धावत सुटला तर वीस मिनिटांत थकेल. म्हणून तो मधल्या खेळाडूकडे जाणाऱ्या पासच्या वाटेत उभा राहतो आणि चेंडू एका बगलेकडे वळायला भाग पाडतो. तिथे मागचे पाच जण दाटी करून वाटच पाहत असतात.

या खटपटीचं फळ कॉर्नरमध्ये दिसतं. बाद फेरीचे तिन्ही सामने ग्रीसने १-० असे जिंकले आणि तिन्ही गोल हेडरचे होते. फ्रान्सविरुद्ध कर्णधार थिओडोरोस झागोराकिसने उजवीकडे लिझाराझूच्या डोक्यावरून चेंडू उचलला, आत क्रॉस टाकला आणि करिस्तेआसने तो जाळ्यात धाडला. चेक प्रजासत्ताकाविरुद्ध जादा वेळेच्या पूर्वार्धाच्या अगदी शेवटी त्रायानोस देलासचा आणि लिस्बनच्या अंतिम सामन्यात पोर्तुगालविरुद्ध ५७व्या मिनिटाला करिस्तेआसचा, हे दोन्ही गोल कॉर्नरवरून आले. दिवसभर आपल्याच अर्ध्यात अडकलेल्या संघाला कॉर्नर मिळत नाहीत. त्यासाठी पलीकडच्या अर्ध्यात चेंडू कुणीतरी टिकवावा लागतो.

स्पर्धेत व्रिझासचा गोल एकच, तोही हरलेल्या सामन्यात. गटातल्या शेवटच्या लढतीत रशियाने सतराव्या मिनिटापर्यंतच २-० आघाडी घेतली होती. मध्यंतराच्या जरा आधी व्रिझासने एक गोल परत केला आणि सामना २-१ असा संपला. ग्रीस आणि स्पेन, दोघांचे चार गुण. आपसातला सामना १-१ बरोबरीत सुटलेला, गोलफरकही दोघांचा शून्य. निकाल लागला तो केलेल्या गोलांवर : ग्रीसचे चार, स्पेनचे दोन. व्रिझासचा तो गोल झाला नसता तर ग्रीसचा गोलफरक उणे एक झाला असता आणि उपांत्यपूर्व फेरीत स्पेन गेला असता.

पुढच्या आठवड्यात २०१०चा बार्सिलोना-इंटर सामना पाहू. इंटरचा एक खेळाडू पूर्वार्धातच बाहेर गेला आणि सॅम्युएल एटोसारख्या आघाडीवीराला बचावात खेळावं लागलं.