कुलूप तेच, शंका नवी

कुलूप लावलं, ओढून पाहिलं, जिना उतरला. आणि पुन्हा वर. असं कधीमधी कुणाचंही होतं. पण लागलंय हे ठाऊक असूनही रोज वीस वेळा पाय मागे वळत असतील, तर तो मंत्रचळ, म्हणजे ओसीडी हा मानसिक आजार असू शकतो. तपासलं की धाकधूक घटते, म्हणून मेंदू पुन्हा तेच मागतो. घरच्यांनी ‘लागलंय गं!’ म्हणत दिलेली ग्वाहीसुद्धा खतपाणीच.

१९६६ मध्ये लंडनचे मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी उलटी वाट दाखवली: भीतीला सामोरं जायचं, तपासायचं मात्र नाही. अस्वस्थता चढते, मग हळूहळू ओसरते. आजही हाच मुख्य उपचार. जोडीला मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या गोळ्या; गुण यायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येतं.