काळ्या चिखलातले कोठार

वसई तालुक्यातील भुईगाव हे निर्मळ आणि गिरिज यांच्या शेजारचे, किनाऱ्यावरचे गाव. सुटीच्या दिवशी येणारी मंडळी सुरूच्या बनात बसतात, समुद्र पाहतात आणि परततात. तुम्ही मात्र ओहोटीची वेळ साधून, शिक्षकांना बरोबर घेऊन, खाजणाच्या काठाशी जा. चिखलात उतरू नका. काठावरूनच एक लांब काठी आत खुपसा आणि बाहेर काढा. काठीला काळा चिखल लागलेला दिसेल आणि कुजक्या अंड्यासारखा वास येईल. नाक दाबू नका, कारण हा वासच आपल्याला आज बरेच काही सांगणार आहे.

तिवराचे झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन वाढते. त्याचे पान शेतात पडले असते, तर जिवाणूंनी प्राणवायूच्या साहाय्याने ते कुजवले असते आणि त्यातला बहुतेक कार्बन पुन्हा हवेत गेला असता. खाजणात तसे होत नाही. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या चिखलात थोडे खाली गेले, की प्राणवायू उरतच नाही. म्हणून तर तिवराची मुळे पेन्सिलींसारखी चिखलाबाहेर डोकावतात! प्राणवायू नाही म्हणून कुजणे अतिशय मंद. वर गाळाचा नवा थर बसतो आणि कार्बन शेकडो वर्षे कोठारात पडून राहतो.

मग वास कशाचा? समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असते. प्राणवायू नसताना काही जिवाणू या सल्फेटवर काम भागवतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा वायू सोडतात. जोपर्यंत त्यांचे राज्य आहे, तोपर्यंत मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना फारसा वाव मिळत नाही. मिथेन हा शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता अडवणारा वायू आहे. तेव्हा ही दुर्गंधी वाईट नव्हे.

आता थोडे गणित करू. समजा, एक हेक्टर खाजणात एक मीटर खोलीपर्यंतचा चिखल वाळवला, तर दर घनमीटरला अर्धा टन माती मिळेल. म्हणजे एकूण 5,000 टन. तिच्यात 2 टक्के कार्बन धरला, तर तो होतो 100 टन. कार्बनचा अणुभार 12 आणि कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार 44. म्हणून हा सगळा कार्बन हवेत गेला तर 367 टन वायू होईल. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे 2.3 किलो वायू निघतो. म्हणजे ही झाली दीड लाखाहून अधिक लिटर पेट्रोलची बरोबरी! सगळा कार्बन एका वर्षात उडत नाही हे खरे. पण खाजण खणून कोळंबीची तळी केली किंवा बांध घालून ते सुकवले, की चिखलात प्राणवायू शिरतो आणि कोठाराचे दार उघडते. भराव टाकला, तर झाडे मरतात आणि नवी साठवण थांबते.

वालीव, गोखिवरे, सातिवली इथल्या कारखान्यांचे इंधन आणि वीज बिलावरून मोजता येते. त्यात काटकसर करायलाच हवी. पण चिखलाचे बिल कोणी पाठवत नाही, म्हणून तो हिशेबातून सुटतो. मला ही मोठी चूक वाटते.

बांधाचा आणखी एक परिणाम आहे. भरती अडली आणि पावसाचे गोडे पाणी आत साचले, की सल्फेट कमी होते आणि मिथेनवाल्या सूक्ष्मजीवांचे फावते. उपाय मात्र साधा असू शकतो: बांधाखाली मोरी ठेवून भरतीला पुन्हा वाट द्यायची. खारे पाणी आत आले, की मिथेन घटू लागतो. कायद्याचा आधारही आहे. महाराष्ट्रात 2012 साली कांदळवन कक्ष स्थापन झाला, तर 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली.

काठीला लागलेला चिखल बशीत पसरून उघड्यावर ठेवा. लोह आणि गंधक यांच्या संयुगामुळे तो काळा दिसतो. रोज त्याचा रंग टिपून घ्या. काळा चिखल हळूहळू तपकिरी होईल. प्राणवायू आत शिरल्याची ही खूण.