राखणदाराचे वेळापत्रक

नल्लकुंटा या तेलुगू नावाचा अर्थ काळे तळे. तळ्यावरून नाव पडलेला हैदराबादचा हा भाग आज दाट वस्तीचा आहे. एका अंगाला उस्मानिया विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला काचीगुडा. मध्ये फीवर हॉस्पिटल, शंकर मठ, भाजीबाजार आणि त्यांना जोडणाऱ्या अरुंद गल्ल्या. ओसरी, अंगण आणि लोखंडी फाटक असलेली जुनी बैठी घरे अजून कोठे कोठे तग धरून आहेत, आणि त्यांच्या कुंपणाला खेटून चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. अशा वस्तीत एका घराचे फाटक म्हणजे दुसऱ्या घराची खिडकी आणि तिसऱ्याचा रस्ता, हे पुढील विवेचनात विसरून चालणार नाही.

कॅमेऱ्याचे हैदराबादकरांना आता नवल उरलेले नाही. जेथे शंभर वा अधिक माणसे एकत्र येतात अशा जागी कॅमेरे बसविणे सक्तीचे करणारा कायदा त्या वेळच्या आंध्र प्रदेशात 2013 साली झाला, आणि राज्य विभागल्यावर तेलंगणानेही तो चालू ठेवला. पोलिसांनी ‘नेनु सैतम’, म्हणजे ‘मीसुद्धा’, या नावाची योजना काढून गल्लीगल्लीतील रहिवाशांना वर्गणीने कॅमेरे लावण्यास उद्युक्त केले. घराच्या दारावरील कॅमेऱ्याची कल्पना मात्र याहून पुष्कळ जुनी आहे. न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागात राहणाऱ्या मारी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिकेने, वेळीअवेळी दार ठोठावणारा कोण हे आतूनच पाहता यावे म्हणून, दूरचित्रवाणीचा कॅमेरा दाराला जोडण्याची युक्ती योजिली. तिला व तिच्या पतीला त्याचे पेटंट 1969 च्या डिसेंबरात मिळाले. ब्राऊनबाईंचा कॅमेरा केवळ दाखवीत असे. पाहण्याचे काम माणसाचे होते. आजचा कॅमेरा स्वतः पाहतो, आणि काही हलले की मालकाच्या मोबाईलवर वर्दी देतो. येथूनच कटकटीला आरंभ होतो.

पहाटे कोणी तरी सडा घालून फाटकापुढे मुग्गू, म्हणजे तेलुगू घरांतली रांगोळी, काढते, वर्दी. दूधवाला येतो, वर्दी. वर्तमानपत्र पडते, कचऱ्याची गाडी येते, कामवाली बाई येते, शाळेची रिक्षा थांबते, कुंपणावरून मांजर जाते, वाऱ्याने कडुनिंबाची फांदी हलते. प्रत्येक वेळी वर्दी. पहिले दोन दिवस घरातील मंडळी कौतुकाने मोबाईल पाहतात. आठव्या दिवशी कोणी पाहत नाही, आणि पंधराव्या दिवशी मुलगा वर्दीचा आवाजच बंद करून टाकतो. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. येथे गुराख्याच्या पोराची जागा यंत्राने घेतली आहे, एवढाच फरक. खरा चोर येतो त्या रात्रीही कॅमेरा आपले काम चोख करतो. ऐकणारे कोणी नसते. सकाळी चित्र सापडते, ऐवज सापडत नाही.

यावर उपाय दोन: कोठे पाहावे हे यंत्राला सांगणे आणि केव्हा पाहावे हे सांगणे. पहिल्याला क्षेत्र आखणे म्हणतात, दुसऱ्याला वेळापत्रक लावणे. पण त्याआधी यंत्र हालचाल ओळखते कशी, हे थोडे पाहिले पाहिजे.

कॅमेरा सेकंदाला पंधरा-वीस चित्रे घेतो. साधे यंत्र एका चित्राची त्याच्या आधीच्या चित्राशी तुलना करते. चित्रावर चौकटींची अदृश्य जाळी पसरलेली असते. पुष्कळ यंत्रांत ती 22 उभ्या आणि 18 आडव्या रांगांची, म्हणजे 396 घरांची असते. ज्या घरातील उजेड-अंधार बदलला ते घर ‘हलले’. माणूस, मांजर, सावली आणि मोटारीच्या दिव्याचा झोत यांत या हिशेबाला काही भेद दिसत नाही. रात्री कॅमेऱ्याभोवतीचे अवरक्त दिवे लागतात. त्यांच्याकडे किडे झेपावतात, कोळी तेथेच जाळे विणतो, आणि भिंगापासून दोन बोटांवर उडणारा चिलट चित्रात एखाद्या पक्ष्याएवढा दिसतो. काही यंत्रांत उजेडाऐवजी अंगाची उष्णता टिपणारा डोळा असतो. तो सावलीला फसत नाही. पण त्याला माणूस आणि पाठीमागची भिंत यांच्या तापमानात अंतर लागते. हैदराबादच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि भिंत माणसाच्या कातडीइतकी किंवा तीहून अधिक तापते, तेव्हा हा डोळा मंदावतो. माणूस व वाहन यांची आकृती ओळखणारे नवे कॅमेरे यांहून हुशार खरे, पण रस्त्याने जाणारा माणूसही माणूसच असतो, तेव्हा क्षेत्र आखण्यातून त्यांचीही सुटका नाही.

क्षेत्र आखताना बहुतेकांची चूक एकच होते. बोटाने सारा पडदा रंगवून टाकला की राखण पक्की झाली, असे वाटते. वस्तुतः जेथे अनोळखी माणसाचे पाऊल पडू नये तेवढीच जागा रंगवावयाची असते: फाटकाच्या आतली फरशी, जिन्याची पहिली पायरी, मागील भिंतीचा माथा, स्कूटर उभी करण्याची जागा. रस्ता, झाड, वाळत घातलेले कपडे आणि आकाश वगळावे. माणूस चित्रात कोठे ‘उभा’ दिसतो यापेक्षा त्याचे पाय कोठे टेकतात ते पाहावे. उंचावर लावलेल्या कॅमेऱ्यात रस्त्यावरील माणसाचे डोके फाटकाच्या वरच्या गजांवर आलेले दिसू शकते, आणि फाटक पूर्ण रंगविले असेल तर बाहेरून जाणारा प्रत्येक जण वर्दी देऊन जातो. क्षेत्राबरोबर आणखी दोन आकडे ठरवावे लागतात. एक संवेदनशीलता, म्हणजे किती सूक्ष्म बदल मोजावा. दुसरा किमान आकार, म्हणजे क्षेत्राचा किती भाग हलल्यावर बोंब मारावी. पहिला वाढविला तर वर्दी वाढते. दुसरा वाढविला तर कमी होते. दोन्ही एकदम बदलू नयेत. एक बदलून एक दिवस थांबावे.

आता वेळापत्रक. शाळेच्या वेळापत्रकासारखाच हा तक्ता असतो: आडवे चोवीस तास, खाली सात वार. जे अंगण दिवसा मुलांचे खेळण्याचे ठिकाण असते, तेच रात्री अकरानंतर निर्मनुष्य असावयास हवे. म्हणून अंगणाची वर्दी रात्रीच चालू ठेवावी. उलट दुपारी घरातील सर्व जण कचेरीत व शाळेत असतात, तेव्हा मागील दार महत्त्वाचे. ख्रिस्ती कुटुंब रविवारी सकाळी मिस्साला जाते, त्या वेळी घर रिकामे असते; तेव्हा रविवारचा तक्ता इतर वारांसारखा असून भागत नाही. प्रत्येक घराने आपला दिवस लिहून काढावा आणि मगच तक्ता भरावा. कारखान्यातून आलेला तक्ता अहोरात्र चालू असतो. तो कोणाच्याच दिवसाला लागू पडत नाही.

परंतु येथे एक अडचण आहे, आणि विक्रेते ती क्वचितच सांगतात. पुष्कळ घरगुती यंत्रांत वेळापत्रक संपूर्ण कॅमेऱ्याला लागते, एकेका क्षेत्राला नव्हे. चार क्षेत्रे वेगळ्या संवेदनशीलतेची आखता येतात, पण ‘अंगण रात्री आणि फाटक दिवसा’ असे एकाच कॅमेऱ्याला सांगता येत नाही. विकत घेण्यापूर्वी हे विचारून घ्यावे. घेऊन झाले असेल तर तीन वाटा आहेत. निरनिराळ्या प्रकारच्या पाहण्यांना, जसे साधी हालचाल, रेषा ओलांडणे, क्षेत्रात शिरणे, यंत्रात बहुधा वेगवेगळे तक्ते असतात. फाटकावर रेषा आखून तिला दिवसाचा तक्ता द्यावा आणि अंगणाच्या क्षेत्राला रात्रीचा. दुसरी वाट, संगणकावर चालणारी व्यवस्था वापरणे. तीत दिवसाची व रात्रीची अशा दोन स्वतंत्र मांडण्या ठेवून त्या ठरल्या वेळी पालटता येतात. तिसरी, दोन स्वस्त कॅमेरे लावून एकेकाला एकेक काम देणे. जुन्या बैठ्या घराला ही तिसरी वाटच बहुधा सोयीची पडते. तीत बिघडण्यासारखे कमी आहे.

मध्यरात्रीची गोष्ट निराळी सांगावयास हवी. यंत्राचा दिवस बाराला संपतो. रात्री दहा ते सकाळी सहा अशी सलग पट्टी बऱ्याच तक्त्यांत भरताच येत नाही; दहा ते बारा ही आजच्या ओळीत आणि बारा ते सहा ही उद्याच्या ओळीत, अशी ती तोडून भरावी लागते. सोमवारची रात्र राखावयाची तर मंगळवारची पहाट भरली पाहिजे. नाताळच्या मध्यरात्री प्रार्थनेसाठी सारे घर बाहेर पडते, तेव्हा 24 तारखेची रात्र आणि 25 तारखेची पहाट अशा दोन्ही ओळी पाहाव्या लागतात. अनेक यंत्रांत सुट्टीच्या तारखांचा वेगळा तक्ता असतो; त्याचा उपयोग अशा वेळी करावा.

तक्ता कितीही नेटका भरला आणि घड्याळ चुकले, तर सारे व्यर्थ. चीनमध्ये बनलेली पुष्कळ यंत्रे ग्रिनिचच्या आठ तास पुढील वेळ लावून येतात. भारताची वेळ साडेपाच तास पुढे. हा अडीच तासांचा फरक दुरुस्त केला नाही, तर यंत्राचे अकरा वाजतात तेव्हा नल्लकुंट्यात साडेआठच वाजलेले असतात आणि मंडळी जेवायला बसत असतात. आणि यंत्राची सकाळ उजाडते तेव्हा येथे रात्रीचे साडेतीन झालेले असतात, म्हणजे राखणदार ऐन निजेच्या प्रहरी घरी जातो. वीज गेल्यावर आतली लहान बॅटरी मेली असेल, तर तारीख पार मागच्या एखाद्या वर्षात जाऊन बसते. चित्र पुढे न्यायालयात दाखवावयाचे झाले, तर घड्याळाची ही चूक विरुद्ध पक्षाच्या वकिलाच्या हाती आयते कोलीत ठरते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा विद्युत् नोंदींबरोबर प्रमाणपत्रही द्यावे लागते. यंत्र इंटरनेटवरून वेळ जुळवून घेईल अशी सोय चालू ठेवणे आणि महिन्यातून एकदा पडद्यावरची वेळ मनगटावरच्या वेळेशी ताडून पाहणे, एवढे पुरे.

वर्दी देणे आणि चित्र साठविणे ही दोन कामे निरनिराळी आहेत, हेही ध्यानात घ्यावे. जागा वाचावी म्हणून काही जण हालचाल झाली तरच चित्र साठवितात. हिशेब असा: सेकंदाला 2 मेगाबिट घेणारा कॅमेरा अहोरात्र चालला तर दिवसाला 21.6 गिगाबाईट भरतात. असे चार कॅमेरे आणि 1 टेराबाईटची तबकडी असेल, तर साडेअकरा दिवसांत ती भरते आणि जुने पुसले जाऊ लागते. दिवसातून चारच तास हालचाल टिपली तर तीच तबकडी 69 दिवस पुरते. आकडा मोहक आहे खरा. पण हालचाल यंत्राच्या नजरेतून सुटली तर ती घटना कायमची सुटली. म्हणून फाटकाचे चित्र अखंड साठवावे आणि काटछाट वर्दीत करावी. आठवडाभर घरात कोणी नसेल तर थोडी मोठी तबकडी घ्यावी. येथे काटकसर करण्यात शहाणपण नाही.

राहता राहिला शेजारी. क्षेत्राबाहेर ठेवलेली जागा यंत्र ‘पाहत’ नाही, असा सर्रास समज आहे, आणि तो घातक आहे. शेजारच्या बाईंची खिडकी क्षेत्रातून वगळली म्हणजे तेथे हलले तर वर्दी येत नाही, एवढेच. त्यांचे चित्र साठतेच. ते साठू नये यासाठी वेगळी सोय असते, चित्राच्या त्या भागावर कायमचा काळा पडदा ओढण्याची. ती बहुतेक यंत्रांत असते आणि बहुतेक घरांत वापरली जात नाही.

हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. खाजगी जीवन हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. कलकत्त्यातील एका सामाईक घरात राहत्या भागात लावलेल्या कॅमेऱ्यांवरून दोघा भावांत तंटा झाला; सहनिवासी भावाच्या संमतीवाचून असे कॅमेरे चालविता येणार नाहीत असे तेथील उच्च न्यायालयाने 2025 साली ठरविले, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. युरोपातले उदाहरण अधिक बोलके आहे. झेक प्रजासत्ताकातील एका गृहस्थाच्या घरावर वारंवार हल्ले होत. त्याने वळचणीला लावलेल्या कॅमेऱ्यामुळे गलोलीने खिडकी फोडणारे संशयित ओळखताही आले. तरीसुद्धा युरोपीय संघाच्या न्यायालयाने 11 डिसेंबर 2014 रोजी सांगितले, की सार्वजनिक रस्ताही टिपणारा कॅमेरा निव्वळ घरगुती कामाचा म्हणता येत नाही, आणि माहिती-संरक्षणाचे नियम त्याला लागतात. आपले रक्षण करण्याचा त्याचा हक्क मात्र विचारात घेता येईल, असेही त्या न्यायालयाने म्हटले. भारताचा 2023 चा माहिती-संरक्षण कायदा व्यक्तीच्या घरगुती कामाला सूट देतो; परंतु त्या सुटीचा आधार घेऊन शेजाऱ्याच्या न्हाणीघराच्या खिडकीकडे कॅमेरा वळवून ठेवणाऱ्याला शेजारधर्म उरत नाही.

सर्व मांडणी झाल्यावर ती एकदा दिवसा आणि एकदा रात्री चालून पाहावी. एकाने आत बसून मोबाईल हाती धरावा, दुसऱ्याने रस्त्याने सरळ जावे, मग फाटक उघडावे, मग भिंतीकडेने वाकून यावे. कोठे वर्दी आली आणि कोठे आली नाही ते कागदावर टिपावे. ऋतू पालटला की पुन्हा पाहावे. जून आणि डिसेंबर यांच्या सूर्योदयात हैदराबादला सुमारे तासाभराचे अंतर पडते, पावसाळ्यात झाडे वाढतात, सावल्या सरकतात. आणि शेजारच्या घरातील कोणाला एकदा बोलावून पडद्यावरचे चित्र दाखवावे, त्यांच्या बाजूचा काळा पडदा कोठपर्यंत ओढायचा ते त्यांनाच विचारावे. या कामाला दोन मिनिटे लागतात, आणि चहा ठेवला तर पाव तास.