दुचाकीचा टायर गुणगुणू लागला की

चाळीसच्या पुढे गेल्यावर चाकातून घूं घूं येऊ लागली, तर आधी आवाज कुठून येतो ते शोधा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर क्लच दाबून गाडी तशीच वाहू द्या. आवाज इंजिनासोबत खाली न येता वेगाबरोबर उतरत गेला, तर तो चाकाचा. डांबरावरून काँक्रीटवर जाताच त्याचा सूर बदलला, तर बहुधा टायरचा. रस्ता कसाही असो, घरघर तीच राहिली तर बेअरिंगचा संशय घ्या. गाडी डबल स्टँडवर लावून चाक हाताने फिरवा, खरखर बोटांनाही जाणवते. नुसती टिकटिक असेल तर नक्षीत खडा अडकलेला असू शकतो.

आता नक्षीवरून तळहात दोन्ही दिशांनी फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर झीज असमान आहे. बहुतेकदा कमी हवा किंवा थकलेले शॉकअब्सॉर्बर हे त्याचे कारण. ते दुरुस्त केल्याशिवाय नवा टायर घालणे म्हणजे पैसे वाया.

आवाज आला म्हणून टायर लगेच बाद होत नाही. पण खाचेतल्या टीडब्ल्यूआयच्या, म्हणजे झीज दाखवणाऱ्या खुणेच्या, उंचवट्यापर्यंत नक्षी झिजली, बाजूला भेगा पडल्या, फुगवटा आला किंवा आतले धागे दिसले, तर चर्चा संपली. नवा घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. आणि पावसाळ्यात गोटा झालेल्या टायरवर कृपा करून घाट उतरू नका.